दुपारचं घरी जाणं

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा मला एका गोष्टीचं मोठं नवल वाटलं होतं. दुपारी एकच्या सुमारास अर्धं शहर जेवायला घरी जायचं. दुकानदार शटर अर्ध्यावर ओढायचे. बँकेतले, वकिलांकडचे, पेढीवरचे लोक डोक्याला रुमाल बांधून स्कूटर काढायचे आणि तास-दीड तासात परत येऊन आपापल्या जागी बसायचे, डोळे जरा जड, तोंडात बडीशेप. मी जळगावची. माझे वडील फिरतीच्या नोकरीत होते, त्यामुळे आमच्याकडे दुपारचं जेवण म्हणजे डबा, आणि डबा जिथं वेळ मिळेल तिथं उघडायचा. पुढे मी आर्किटेक्ट झाले तेव्हा माझाही डबा साइटवर सिमेंटच्या गोण्यांवर बसून संपायचा. दुपारी घरी जाऊन जेवणं मला चैन वाटायची. खरं सांगायचं तर थोडा गावंढळपणाही वाटायचा.

आमच्या घरी ते जेवण दोघांचं होतं, नवऱ्याचं आणि नानांचं. नाना म्हणजे माझे सासरे. साक्रीकडच्या एका खेड्यातले. एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी पिंपळनेरच्या आणि त्याच्याही पलीकडे डोंगरात जाणाऱ्या गाड्यांवर झाली. निवृत्त झाल्यावर इथं धुळ्यात, देवपुरात छोटं घर बांधून राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी सकाळी भाकरी, भाजी करून कामाला निघायचे. दुपारी नवरा यायच्या आधी नाना भाजी गरम करून ठेवायचे आणि दोघं जेवायचे. मी ते जेवण कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी आले की ओट्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली दिसायची, एवढीच माझी त्याच्याशी ओळख.

नवरा एका मसाल्याच्या कंपनीत अकाउंट्सला होता. आजही तिथंच आहे. कंपनीचं जुनं ऑफिस बाजारातल्या एका बोळात, मिरचीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना इतका उभा की उतरताना भिंतीला हात लावावा लागायचा. वर पत्रे. खाली पोत्यांची चढ-उतार सुरू झाली की वर सगळे शिंकायला लागायचे. नवा माणूस भेटायला आला की त्याला आधी ठसका लागायचा, मग बोलणं. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. त्या शेजारच्या एका घरी जायच्या आणि त्या घरातल्या बाईंना सणावाराला आठवणीनं काहीतरी द्यायच्या. एप्रिल-मेमध्ये तर वर बसवायचं नाही. एका उन्हाळ्यात फोनवर बसणारी मुलगी बोलता बोलता खुर्चीतून खाली घसरली. तिला ओली चादर गुंडाळून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती बरी झाली, पण शेठच्या मनाला ते फार लागलं.

शेठ आमच्या घरी आले. कंपनीचे मालक, साठीचे, अंगावर साधा सदरा. कामावरच्या प्रत्येकाच्या घरचं लग्न-मरण त्यांना ठाऊक असायचं. नानांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि मला म्हणाले, "वहिनी, ऑफिस बांधायचंय. पुण्याचे लोक बघून गेले, भारी चित्रं काढली. पण मला तुमच्याकडून हवंय. तुम्ही आमच्या लोकांना ओळखता."

"काय काय हवंय तिथं?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू. माझ्या माणसांना विचारा. सकाळी उठून तिथं यावंसं वाटलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. जागा घेतलीय हायवेला, आपल्या कारखान्याशेजारी."

जागा घेऊन झाली होती. शहरापासून बऱ्यापैकी लांब. तेव्हा त्याचं मला काहीच वाटलं नाही. उलट एवढी मोकळी जागा मिळतेय, सूर्य कुठून येतो, वारा कुठून येतो हे बघून बांधता येईल, याचाच आनंद झाला. इतकी वर्षं मी लोकांचे रो-हाउस आणि दवाखान्यांवरचे मजले काढत होते. हे माझं पहिलं मोठं काम.

मी एकेकाला भेटले. कॉलेजात शिकले होते की इमारत माणसांपासून सुरू होते. ते आता पहिल्यांदा नीट करायला मिळत होतं. एक जण म्हणाला, पाठ दुखते. दुसऱ्याच्या डोळ्यांवर दिवसभर ट्यूबलाइट यायची. तरुण मुलांना चार्जिंगला जागा नव्हती. डिस्पॅचला एक अक्का होत्या, कंपनीतल्या सगळ्यात जुन्या. कोणता ट्रक कुठं पोचला हे त्यांना तोंडपाठ. त्यांना मी विचारलं, "अक्का, दिवसभरात तुम्हाला सगळ्यात बरं कधी वाटतं?"

त्या हसल्या. "दुपारी. घरी जाते ना. सून ताक करून ठेवते. जेवते आणि फरशीवर अशीच आडवी होते, उशीबिशी न घेता. पाठ सरळ झाली की पुन्हा माणसात येते."

आणखीही काही जणांनी अशाच अर्थाचं सांगितलं. कुणी मुलाला शाळेतून आणून घरी सोडायचा आणि त्याच्याबरोबर जेवायचा. कुणाची आई अंथरुणावर होती, तिला दुपारी भरवायला जावं लागायचं. मी सगळं ऐकलं आणि मला वाटलं, बिचाऱ्यांना ऑफिसात जेवायला जागा नाही, पाठ टेकायला जागा नाही, म्हणून भर उन्हात पळावं लागतं. मी ठरवलं, ही पळापळ थांबवायची. छान मोठं जेवणघर करायचं. आडवं व्हायला एक खोली करायची, कमी उजेडाची, खाली गुळगुळीत गार फरशीची, अक्कांच्या घरात असेल तशीच.

नवऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "माझं काही नाही. खुर्ची तेवढी बरी दे."

"अहो, नीट सांगा ना. तुम्हाला काय आवडतं त्या ऑफिसातलं?"

"ऑफिसातलं काय आवडणार? काम असतं, करायचं," असं म्हणून त्यानं टीव्ही लावला.

नकाशे जवळजवळ पूर्ण झाले होते तेव्हाची गोष्ट. एका ठिकाणी दाखवायचे कागद घरी राहिले म्हणून मी भर दुपारी घरी गेले. दार लोटलेलं होतं, कूलर चालू होता. पुढच्या खोलीत नवरा आणि नाना जमिनीवर आडवे पडलेले, डोक्याशी डोकं, पाय दोन दिशांना. उष्टी ताटं बाजूला सारलेली. नाना छताकडे बघत गोष्ट सांगत होते. कुणीतरी बसमध्ये बकरी घेऊन चढलं होतं, असं काहीतरी.

"मंग ती बकरी कोठे गयी?" नवऱ्यानं विचारलं.

"कोठे जाई? मना सीटवर बठेल व्हती!"

"मंग काय कयं तुम्ही?"

"काय करसू? मी उभा ऱ्हायनू!"

आणि नवरा हसला. पोट धरून, पाय आपटून हसला. हा माणूस असा हसतो हे मला माहीत नव्हतं. तो अहिराणी बोलतो हेही मला जवळजवळ माहीत नव्हतं. माझ्याशी, दिवसभर शाळेत असणाऱ्या आमच्या मुलीशी, ऑफिसात तो शुद्ध मराठी बोलायचा. नानाही माझ्यासमोर शब्द जपून वापरायचे. मला दारात बघून दोघंही घाईनं उठून बसले, जणू काही चोरून करत होते. नाना म्हणाले, "ये माय. जेवलीस का?" मी कागद घेतले आणि निघाले.

दिवसभर ते हसणं माझ्या कानात होतं. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ऑफिस हायवेला गेलं की तुम्हाला दुपारी घरी येणं जमणार नाही."

"नाहीच जमणार. जाण्या-येण्यातच तास जाईल."

"नानांचं कसं?"

"नानांचं काय? लहान आहेत का? भाजी तर तेच गरम करतात." मग म्हणाला, "सगळ्यांचंच तसं होणार आहे. माझ्या एकट्याचं काय घेऊन बसलीस?"

नाना आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मन्ही काळजी करू नका. इमारत कशी शे ते सांग." मग मी नकाशा उलगडून त्यांना दाखवला. इमारतीच्या मधल्या चौकातलं कडुनिंबाचं झाड, ते तोडायचं नाही म्हणून त्याच्याभोवती वळवलेली भिंत, उत्तरेच्या खिडक्या. ते बोटानं रेषा गिरवत राहिले. विषय तिथंच संपला. तो पुन्हा काढायला हवा होता, असं मला नंतर अनेकदा वाटलं. पण काढून काय केलं असतं? जागा घेतलेली होती. लोक पत्र्याखाली खोकत होते.

इमारत चांगली झाली. हे मी आजही म्हणते. मे महिन्यातसुद्धा चौकात सावली असते. भिंती जाड, खिडक्यांना आडव्या फळ्या. दुपारी तीनला दिवे न लावता काम करता येतं. बायकांसाठी स्वच्छ, मोठी जागा आहे, आत आरसा आणि बसायला बाकही. आडवं व्हायच्या खोलीला शेठनी स्वतः नाव दिलं, विसावा. जेवणघराच्या छताला मी आवाज शोषणारे फलक लावले होते, कारण कॅन्टीनमधल्या कलकलाटानं माणूस आणखी थकतो असं मी वाचलं होतं. तिथं बसलं की पानांची सळसळ ऐकू यायची. खोकला गेला. फोनवरची ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, आता घरी गेल्यावर माझं डोकं दुखत नाही."

वास्तुशांतीला नाना आले होते. पांढरी टोपी, नवा सदरा. सगळीकडे हिंडले. कडुनिंबाच्या खोडावर हात ठेवून म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे, माय. गार शे." येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, ही मन्ही सून. त्या दिवशी मी फार आनंदात होते.

मग ओट्यावर एकच ताट दिसायला लागलं.

त्याचं काही वाटण्यासारखं नव्हतं. नवरा डबा नेत होता, ताट एकच असणार. काही आठवड्यांनी तेही दिसेना. नाना भाजीच्या भांड्यातच भाकरी कुस्करून खायला लागले होते. मग भाकऱ्या उरायला लागल्या. आधी एक, मग दोन. संध्याकाळी त्या कुत्र्याला टाकताना मी विचारायचे, "नाना, जेवला नाहीत?" ते म्हणायचे, "जेवनू ना. भूक कमी झाली आता." टीव्ही दिवसभर चालू राहायला लागला. शेजारच्या काकू एकदा मला म्हणाल्या, "तुमचे सासरे दुपारी गेटाशी खुर्ची टाकून बसतात. ऊन असतं हो." पूर्वी ते नवऱ्याची वाट बघत गेटाशी उभे राहायचे. ती सवय मोडली नव्हती.

मी ठरवलं, आपण दुपारी घरी जायचं. साइट जवळ असेल तेव्हा जायला लागले. दोन ताटं वाढायचे. पण नाना माझ्यासमोर ताठ बसायचे. मान खाली घालून भरभर जेवायचे, भाजी छान झालीय म्हणायचे, हात धुवायचे आणि मला मोकळं वाटावं म्हणून मागच्या खोलीत जायचे. त्यांच्या पिढीत सासरा सुनेसमोर पाय पसरून पडत नाही, बकरीची गोष्ट सांगत नाही. एक दिवस ते मला म्हणाले, "तू काम सोडीसन येऊ नको, माय. तुले त्रास व्हस आणि मालेबी."

"तुम्हाला कसला त्रास, नाना?"

ते उठले. पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. मी जाणं बंद केलं.

त्याच उन्हाळ्यात नाना ऑफिसला गेले. इमारतीच्या गच्चीवर एक भेग पडली होती, ती बघायला मी त्या दिवशी तिथंच होते. वरून मला रिक्षा दिसली. नाना हातात डबा घेऊन उतरले. गेटवरच्या माणसानं अडवलं, नाव लिहायला लावलं, नवऱ्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. मी गच्चीवरून जेवणघरावरच्या गॅलरीत आले. तोवर नाना जेवणघरात एका टेबलाशी बसले, डबा समोर, टोपी डब्यावर. बाकीचे येत होते, वाढून घेत होते, दोघादोघांनी हळू बोलत जेवत होते. मी खाली उतरणार तेवढ्यात नवरा आला. गॅलरीतून मला दोघं दिसत होते.

"नाना, काय झालं? बरं आहे ना?" तो मराठीत म्हणाला.

"काय व्हई? जेवाले उनू," नाना म्हणाले. जेवायला आलो, एवढंच.

कंडक्टरचा तो आवाज. सगळ्या जेवणघरानं वळून बघितलं. कुणी वाईट बघितलं नाही, दोघे-तिघे हसून नमस्कारही म्हणाले. पण नानांनी डब्यावरची टोपी उचलून मांडीवर घेतली. नवऱ्यानं डबा उघडला. दोघं जेवले. मध्ये नानांनी काहीतरी विचारलं असावं, नवऱ्यानं मान हलवली. जेवण लवकर आटपलं. मी खाली गेले तेव्हा नाना टोपी घालत होते. मला बघून म्हणाले, "जागा चांगली शे. पन आठे बोलाले बरं नही वाटस."

मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत ते खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर कधी ते ऑफिसला गेले नाहीत.

पावसाळा संपता संपता ते म्हणाले, पाचोऱ्याला जाऊन येतो चार दिवस. पाचोऱ्याला माझी नणंद असते. ती घरीच शिवणकाम करते, तिच्या नवऱ्याचं खतं-बियाण्यांचं दुकान घराला लागूनच आहे. दुपारी दुकान अर्धं बंद करून जावई आत येतात, मुलं असतात, नणंद मशीनवरून उठून वाढते. चार दिवसांचे पंधरा झाले, मग दिवाळी आली, दिवाळीनंतर नाना परत येतो म्हणाले आणि आले नाहीत. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, जेवतात बरं का आता. तुमच्याकडून आले तेव्हा काय हाडं निघाली होती!" ती मला दोष देत नव्हती.

नाना तिथून दुपारी नवऱ्याला फोन करायचे, जेवणाच्या वेळी. तो जेवणघरात असायचा. "हो नाना, जेवतोय. नंतर करतो," एवढंच बोलायचा, दबक्या आवाजात. संध्याकाळी करायचा, पण तोवर नाना मुलांच्या गर्दीत असायचे. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी आम्ही पाचोऱ्याला जायचो. सगळे एकत्र जेवायचो. नाना नातवंडांशी बोलायचे, जावयांशी पाऊसपाण्याचं बोलायचे. बाप-लेक एकमेकांना "बरं आहे ना" विचारायचे आणि मग दोघंही तिसऱ्याचंच बोलणं ऐकत बसायचे.

हे बघून मी शेठकडे गेले. म्हटलं, "शेठ, इमारतीत काही कमी नाही. पण लोकांची दुपार आपण काढून घेतली." मी त्यांना सगळं सांगितलं, आमच्या घरचंही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मग काय करू या? इमारत तर उचलून आणता येत नाही."

मी म्हटलं, दुपारची सुट्टी लांबवा, संध्याकाळी तेवढा वेळ जास्त घ्या, आणि शहरात ने-आण करायला एक गाडी ठेवा. शेठ त्याच आठवड्यात हो म्हणाले. असा माणूस.

गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी भरून गेली, टाळ्याबिळ्या वाजल्या. मग ती हळूहळू रिकामी व्हायला लागली. अक्का काही दिवस गेल्या आणि मग जाईनात. मी विचारलं तर म्हणाल्या, "सून आता दुपारी शिवणाच्या क्लासला जाते. मी येत नाही म्हटल्यावर तिनं तरी घरात का बसावं? घराला कुलूप असतं."

"मग विसाव्यात पडता का जरा?"

"पडते की. छान आहे ती खोली. पण तिथं पडलं तरी कान ऑफिसातच असतात बाई."

शाळेतून मुलाला आणणाऱ्यानं मुलगा व्हॅनला लावला होता. ज्याची आई अंथरुणावर होती त्यानं एक बाई ठेवली होती, आणि आई आता त्या बाईच्याच हातून जेवायची, दुसऱ्यानं भरवलं तर तोंड फिरवायची. प्रत्येकाच्या घरानं दुपारची ती जागा दुसऱ्या कशानं तरी भरून टाकली होती. कुणाचीच चूक नव्हती.

माझा नवरा त्या गाडीनं एकदाच गेला. मला ते त्यानं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, भाजी निवडता निवडता.

"कुलूप उघडलं, आत गेलो. कूलर लावला. डबा घेऊनच गेलो होतो. तो खाल्ला, ताट धुतलं आणि परत आलो."

"आडवे झाला नाहीत?"

"झालो ना. पण घर फार मोठं वाटायला लागलं. उठलो." जुडी संपल्यावर हात झटकत तो म्हणाला, "परत नाही जावंसं वाटलं."

गाडी बंद झाली. शेठनी ती कारखान्याच्या कामाला लावली.

नानांना आणायला आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्यांदा नवऱ्यानं नोकरी बदलायचंही काढलं, शहरातली एखादी पेढी बघतो म्हणाला. नानाच नको म्हणाले. "एखलाले घास उतरत नव्हता, म्हणून आठे उनू. आता आठेच बरं शे. तू चांगल्या जागी काम करस, तठेच ऱ्हाय." नवऱ्यानं मान खाली घातली. मला वाटलं, तो आता अहिराणीत काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "ठीक आहे नाना."

गेल्या हिवाळ्यात नाना पाचोऱ्यातच गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. नणंदेचा फोन आला तेव्हा नवरा ऑफिसात होता. नंतर त्यानं मोबाइल बघितला. थोड्याच वेळापूर्वी नानांचा फोन येऊन गेलेला होता. जेवणघरात होता म्हणून त्यानं घेतला नव्हता, संध्याकाळी करू म्हणून. त्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला आणि मीही पुन्हा काढलं नाही.

दिवस करायला साक्रीकडचे भाऊबंद आले होते. म्हातारे चुलते, त्यांची मुलं. सगळे अहिराणीत बोलत होते, नानांच्या आठवणी काढत होते, मध्येच हसतही होते. नवरा त्यांच्यात बसला होता. त्याला कुणी काही विचारलं की तो मराठीत उत्तर द्यायचा. एक चुलते म्हणाले, "काय रे भाऊ, शिकेल मानूस व्हयी गया का तू?" त्यावर सगळे हसले, तोही हसला. मग उठून मागच्या अंगणात गेला. मी पाठोपाठ गेले तर नळाशी उभा होता. म्हणाला, "बोलायला गेलो, पण अहिराणी येतच नाही गं. नाना समोर असले की येत होती."

मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. अंगणात माणसं होती, म्हणून ठेवला नाही.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जळगावहून दोघं तरुण भाऊ भेटायला आले. बियाण्यांची कंपनी आहे त्यांची, वडिलांकडून हाती आलेली. त्यांनी आमची इमारत बघितली होती, चौकात बसून फोटो काढले होते. "मॅडम, अस्संच हवं. लोकांना बरं वाटेल असं." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उत्साह होता तो मला ओळखीचा होता. मी जळगावला जाऊन जागा बघितली. हायवेलगत, सपाट, सुरेख.

"तुमचे लोक आता दुपारी कुठे जेवतात?" मी विचारलं.

"काही डबा आणतात, बरेचसे घरी जातात. म्हणून तर त्रास होतो. नव्या ठिकाणी आपण सगळं देऊ."

मी म्हटलं, "गावातच लहानशी जागा बघा. दोन मजले जास्त चढवू. उजेड, वारा, सावली, सगळं मी करून देते. फक्त लोकांना दुपारी घरी पोचता आलं पाहिजे."

त्यांनी आदरानं ऐकून घेतलं. धाकटा म्हणाला, "गावात पार्किंग कुठं मिळतं, मॅडम? आणि आता कोण घरी जातं हो?" मी नानांचं काही सांगितलं नाही. परक्या माणसांना ते कसं सांगणार? फोन करतो म्हणाले. काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घ्यायला हवं होतंस. ते बांधणारच होते. निदान नीट बांधलं असतंस." त्याचं बरोबर असेल. मागच्या महिन्यात माहेरी जाताना बसमधून मला ते बांधकाम दिसलं. पाया घालून झाला होता, खांब वर येत होते, आणि बाहेरच्या बोर्डावरच्या चित्रात पश्चिमेच्या बाजूला, दुपारचं ऊन थेट आत येईल अशी, नुसती काच दाखवली होती. बस पुढं गेली तरी मी मान वळवून बघत राहिले.